एका दिवसात चार भाऊबिजा

एका दिवसात चार वेळा पोटभर जेवून माणूस मरत नाही, हे मी स्वानुभवावरून सांगू शकते. फक्त त्याला उठता येत नाही.

आम्ही तेव्हा प्रभादेवीला राहायचो. खिडकीत उभं राहून मान डावीकडे वाकडी केली की दोन इमारतींच्या मधून चार बोटं समुद्र दिसायचा. आल्यागेल्याला तो मी असा दाखवायचे, जणू माहेराहून आणलाय! पण समुद्रकाठच्या माणसाला सुट्टीच्या दिवशी समुद्र सोडून कुठेही जायचं असतं. त्यामुळे एका दिवसाच्या सहली काढणं हा माझा छंद होता. अलिबाग, कार्ले, माथेरान, वसईचा किल्ला, सगळं सकाळी सहाला निघून संध्याकाळी सातला घरात. त्यासाठी मी एक वही केली होती. '६.०० निघणे. ७.२० चहा (पाच मिनिटं). ९.१० देखावा बघणे.' आमचे हे, म्हणजे विलासराव, एकदा माथेरानला म्हणाले, "अगं, जरा सूर्यास्त बघून निघू या की."

"वहीत नाही," मी म्हणाले. विषय संपला.

तर या वहीनेच माझा घात केला. एकदा नाही, दोनदा.

पहिल्यांदा केला तो लग्न झाल्यावर लगेच. माझं सासर शहापूरकडचं. सासरे, म्हणजे आबा, पोस्टातल्या नोकरीमुळे मुंबईला आले आणि इथेच राहिले. पण सगळा गोतावळा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत पसरलेला. नव्या नवरीने घरोघर पाया पडायला जायचं असतं म्हणून मी लगेच वही काढली आणि एका दिवसात सात घरं बसवली. त्यातलं शेवटचं घर म्हश्याचं, हौसाआत्यांचं. हौसाआत्या म्हणजे आबांची एकुलती एक बहीण. पहाटेपासून चुलीपुढे बसून त्यांनी वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या आणि गुळाची खीर केली होती. मी उंबऱ्यातच घड्याळ बघितलं आणि गोड हसून म्हणाले, "नको हं आत्या, आम्ही आत्ताच खाऊन आलोय. फक्त पाणी द्या."

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पाण्याचा तांब्या हातात आल्यावर मी विचारलं, "उकळलेलं आहे ना?"

ओसरीवर आबांनी डोळे मिटून घेतले. हौसाआत्यांनी तांब्या माझ्या हातातून परत घेतला आणि म्हणाल्या, "आमच्या भागातलं पानी तुमची आख्खी मुंबई पिते. नळाला येतं तवा काय इचारता का गो, उकाळलंय काय म्हून?"

त्या वर्षी भाऊबीजेला आबा एकटेच म्हश्याला गेले. आत्यांनी त्यांना दारातच थांबवलं. "दादा, तुझी सून माझ्या घरात पाटावर बसून पोटभर जेवंल, तवाच तुला ओवाळीन. तवर येऊ नको."

आबा काय कमी? भावंडं एकाच हाडाची! "मी काय सुनेला दाव्याला बांधून आणू?" म्हणाले आणि तसेच माघारी फिरले. झालं! तेव्हापासून बहीणभावांचं बोलणं बंद.

आणि मी? मीही ताठ्यातच होते. पाणी उकळलंय का, हे विचारणं हा काय गुन्हा आहे? आरोग्यखात्याची माणसं घरोघर येऊन तेच सांगतात, त्यांच्यावर कोणी रुसतं का? पण दर भाऊबीजेला आबा सकाळी आंघोळ करून नवा सदरा घालायचे आणि गॅलरीत जाऊन बसायचे. कुठे जायचं नसायचं. दुपार झाली की सदरा काढून घडी घालून ठेवायचे. असं आठ वर्षं चाललं. नवव्या वर्षी ते मला बघवेना. मी म्हश्याच्या एका किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला, "हौसाआत्यांना सांगा, भाऊबीजेला सून जेवायला येतेय."

तासाभराने उलटा निरोप आला. "येऊ दे म्हनाव. बघू किती जेवते ती!"

आबा आनंदाने शेजारच्यांनाही सांगून आले. इथपर्यंत सगळं चांगलं होतं. पण मग मी वही काढली.

म्हश्याला जायचं म्हणजे वाटेत शहापूर. शहापूरला ह्यांची चुलतबहीण शकूताई. तिथून जवळ भातसानगर, तिथे सासूबाईंचे भाऊ गणूमामा, धरणावर नोकरीला. पुढे मुरबाडच्या वाटेवर किन्हवलीला माझी सख्खी नणंद बेबीताई. सगळ्या भाऊबिजा एका दमात! जीप भाड्याने केलीच आहे तर वसूल नको करायला? मी तिघांना पत्रं टाकली, 'भाऊबीजेला येत आहोत. थोडाच वेळ थांबू.' आणि वहीत प्रत्येक घराला पंचेचाळीस मिनिटं दिली. मुंबईत तशीच भाऊबीज होते हो! टिळा, आरती, एक करंजी, दोन चमचे चिवडा, की चालले.

भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे गेला की जेवल्याशिवाय उठत नाही, बरोबरची माणसंही उठत नाहीत, ही गोष्ट माझ्या वहीत नव्हती.

सकाळी सहाला निघालो. मी, हे, आबा, सासूबाई, आमची सात वर्षांची मिनू आणि पुढे ड्रायव्हर दामूभाऊ. आबांनी हौसाआत्यांसाठी घेतलेलं लुगडं मांडीवर धरलं होतं, मागच्या सामानात ठेवू देईनात. मी सगळ्यांना बजावलं, "मी म्हश्यापर्यंत तोंडात काही घालणार नाही. मला आत्यांकडे पोटभर जेवायचंय. तुम्ही काय ते बघून घ्या."

"आम्ही घेऊ बघून!" आबा फारच उत्साहात म्हणाले.

शहापूरला शकूताईने दारात रांगोळी घातली होती आणि आतून श्रीखंडाचा वेलचीचा वास येत होता. सकाळचे साडेआठ! "न्याहारीच हाय," ती म्हणाली आणि पुऱ्यांची चळत आणून ठेवली. ह्यांना ओवाळून झालं, पानं मांडली. मी अगदी नम्रपणे सांगितलं, "शकूताई, माझा आज उपास आहे."

"भाऊबीजेला उपास? कसला गो?"

"चतुर्थीचा," मी ठोकून दिलं.

शकूताईने बोटं मोजली. "आज तर द्वितीया हाय. चवथ परवाला."

(मुंबईत वाढलेल्या मुलीला भाऊबीज कोणत्या तिथीला येते हे माहीत असायलाच हवं असं कुठे आहे?) पण मी डगमगले नाही. "हो, पण मी दोन दिवस आधीपासून धरते."

मिनू माझ्याकडे बघायला लागली. हे श्रीखंडात तोंड घालून हसत होते. शकूताई मात्र भारावून गेली. "दोन दिस आदीपासून! अगो बाई, असली निष्ठा आमच्याकडं कुनात नाय! मंग तर खाऊनच जायला पायजे, नायतर चक्कर येल वाटंत."

वीस मिनिटांत माझ्यापुढे साबुदाण्याची खिचडी आली. ताट नव्हे, परात! वर रताळ्याचा कीस, शेंगदाण्याचा लाडू आणि दुधात साखर घालून उकडलेली केळी. "खाऊन टाक," शकूताई माझ्यासमोर मांडी घालून बसली, "उपासाचं टाकू नये, पाप लागतं."

साबुदाणा काय चीज आहे हे ज्याने खाल्लाय त्याला सांगायला नको. खाताना मोत्यासारखा, पोटात गेल्यावर सिमेंट. जीपमध्ये बसताना मी म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण!" आबा म्हणाले, "श्रीखंड मात्र ब्येस होतं हां."

भातसानगरला पोचायला पावणेअकरा झाले. वहीप्रमाणे आम्ही तिथून निघायला हवं होतं. गणूमामांच्या क्वार्टरबाहेर मामी वाट बघत उभ्याच. सासूबाईंनी भावाला ओवाळलं, दोघं भावंडं एकमेकांकडे बघून हसली, आणि आतून वास आला. धरणातल्या ताज्या माशांचा! आता सांगते, मी सगळं सोडीन पण मासे सोडणार नाही. तोंडाला पाणी सुटलं, पण समोर हौसाआत्या दिसायला लागल्या. उपासाचं अंगाशी आलं होतं म्हणून या वेळी दुसरी युक्ती काढली.

"मामी, माझं पोट बिघडलंय. काही खायला नको."

"आई, तुझं पोट कधी बिघडलं?" मिनूने विचारलं.

"आत्ता," मी दातओठ खाऊन म्हणाले.

मामींनी कपाळावर हात मारला. "अगो, मंग आदी नाय का सांगायचं! थांब." आणि ती बाई जी स्वयंपाकघरात घुसली ती औषधांचा रतीबच घेऊन बाहेर आली. आधी ओवा-मीठ. मग लिंबूपाणी. मग सुंठ-गुळाच्या चार गोळ्या. आणि मग मऊ दहीभात, वर तुपाची धार. "पोट रिकामं ठिवलं तर अजून बिघडंल. मऊ भात जिरतो लगेच, घे गो." जिरतो लगेच म्हणून तीन वेळा वाढला! आणि माझ्या डाव्या-उजव्या बाजूंना हे आणि आबा तळलेल्या माशांचे काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने मांडत होते. मला इतका राग आला की मी दहीभातच कालवून कालवून खाल्ला.

जेवण उतरावं म्हणून मी मामांना म्हणाले, "मामा, धरण दाखवा ना." मामांना आनंद झाला, ते बिचारे पाण्याबद्दल सांगत सावकाश चालायला लागले. मी मात्र भरभर पुढे जायचे, वळायचे, परत मागे यायचे. तिसऱ्या फेरीला मामा थांबले आणि ह्यांना हळूच म्हणाले, "विलास, पोट बिघडलंय म्हनती आनं पळते कशाला ही? घरात जा म्हनाव, संडास तिकडं नाय!"

परत शहापूरला येऊन किन्हवलीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे भारे पडले होते, ऊन छान होतं आणि माझी अवस्था बघण्यासारखी होती. मी पुढे वाकून दामूभाऊंना म्हणाले, "दादा, गाडी जरा खड्ड्यांतून घ्या."

दामूभाऊंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. "ताई, पंधरा वरसं गाडी चालवतो. लोक खड्डे चुकवा म्हनतात."

"तुम्ही घ्या हो. जरा खाली बसेल सगळं."

दामूभाऊंनी खरंच एकही खड्डा सोडला नाही. साबुदाणा काही हलला नाही. सासूबाईंची कंबर तेवढी धरली. त्या मुलखाच्या गरीब, म्हणाल्या फक्त, "पोरी, तू पुढच्या टायमाला एकटीच खड्ड्यांतून ये."

किन्हवलीला दुपारचे अडीच वाजले. बेबीताई अंगणात उभी. चेहरा सुकलेला. ह्यांना बघून म्हणाली, "दादा, किती रे वाट बगायची! तू येईस्तवर तोंडात पानी नाय घातलं मी."

आता हिच्याशी काय खोटं बोलायचं? आणि दोनदा खोटं बोलून मला दोन जेवणं झाली होती. मी ठरवलं, आता खरं सांगायचं. खऱ्याला मरण नाही म्हणतात. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं. "बेबीताई, तुला माहीतच आहे, आत्यांचा राग माझ्यावर आहे. आज मला त्यांच्याकडे पोटभर जेवायचंय, नाहीतर आबांची भाऊबीज होणार नाही. म्हणून तुझ्याकडे मी जेवत नाही. रागावू नकोस."

बेबीताईने मान हलवली. मला वाटलं, पटलं. मग तिने हात सोडवून घेतला.

"म्हंजे आत्याकडं जेवायचं म्हून माझ्याकडं नाय जेवायचं? आत्या रुसली म्हून तिला ताट. मी रुसत नाय, मी गरीब, म्हून मला काय नाय. बरं. मी बी रुसते आता."

आणि ती भिंतीकडे तोंड करून बसली! नऊ वर्षांपूर्वीचं रुसणं निस्तरायला निघाले होते, वाटेत नवं तयार झालं. हे म्हणाले, "सुनंदा, हे नऊ वर्षं चाललं तर मी पासष्टीला पोचेन." (पोचले नसते. हिशेबात ते कायम कच्चे.)

मी काय करणार? पदर खोचला, पाटावर बसले आणि म्हणाले, "वाढ!"

पुरणपोळी होती. पहिली तिच्या समाधानासाठी खाल्ली. दुसरी तिच्या सासूसाठी, कारण "तिची घेतली, माझ्या हातची नको?" तिसरी गोड लागली म्हणून खाल्ली, हे कबूल करते. चौथीच्या वेळी मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तर बेबीताईने पोळी माझ्या हातांवरच ठेवून वर तूप ओतलं. तिचे डोळे पुसले गेले, ह्यांची ओवाळणी झाली. मी निघाले तेव्हा साडीच्या निऱ्या एक वीत वर आल्या होत्या.

"आबा, तुम्ही किती खाल्ल्या?" जीपमध्ये मी विचारलं.

"पाच," आबा ढेकर देऊन म्हणाले. "मला काय, जेवायचंय तुला!" आणि खिडकीबाहेर बघत गुणगुणायला लागले.

मुरबाड ओलांडून म्हश्याला पोचलो तेव्हा पाच वाजले होते. गावच्या जत्रेला अजून अवकाश होता, त्यामुळे मैदान मोकळं होतं. मला वाटलं, इथेच आडवं व्हावं. पण आबांचं गुणगुणणं थांबलं होतं. हातातलं लुगडं त्यांनी छातीशी धरलं होतं. नऊ वर्षांनी ते त्या गल्लीत पाय ठेवत होते. मी म्हटलं, सुनंदा, आता फुटलीस तरी चालेल पण जेव.

हौसाआत्या दारात उभ्या होत्या. केस पांढरे झालेले, बाकी सगळं तसंच. भावाकडे त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळल्या.

"आलीस? बस."

घरात मधोमध एकच पाट, एकच ताट. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, गुळाची खीर. नऊ वर्षांपूर्वीचंच जेवण, एक पदार्थ बदलला नव्हता! बाकीचे भिंतीला टेकून बसले, परीक्षेचा निकाल ऐकायला बसल्यासारखे. आत्यांनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. आणि त्या तांब्याकडे बघत राहिल्या.

मला कळलं काय ते. तांब्या उचलला आणि वरून घटाघटा सगळा रिकामा केला. उकळलंय का न विचारता! आत्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं. पण त्या पाण्याने माझ्या पोटातली उरलीसुरली जागाही गेली, हे तांब्या खाली ठेवल्यावर लक्षात आलं. अक्कल ही माझ्याकडे नेहमी पुढच्या गाडीने येते.

पहिली भाकरी मी जिद्दीने खाल्ली. दुसरी देवाचं नाव घेऊन. बिरडं इतकं चविष्ट होतं की रडू आलं, पहिल्यांदा आले तेव्हा हे सोडून मी घड्याळ बघत होते! खिरीची वाटी उचलली तेव्हा माझ्या कपाळावरून घाम ओघळत होता. आत्या पदराने वारा घालत म्हणाल्या, "सावकाश जेव गो. भूक लागली का एवढी?"

आणि आमची मिनू कोपऱ्यातून खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्याआजी, तिला भूक नाहीये! तिने शकूआत्याकडे परातभर साबुदाणा खाल्ला, मामीआजीकडे तीनदा दहीभात खाल्ला आणि बेबीआत्याकडे चार पुरणपोळ्या खाल्ल्या!"

माझा हात वाटीत थांबला. हे छताकडे बघायला लागले. आबांचा रंग उडाला. नऊ वर्षांपूर्वीही मी 'आत्ताच खाऊन आलोय' म्हणाले होते, आणि आजही शेवटी तेच निघालं! संपलं सगळं, मी म्हटलं. आबा, तुमचा सदरा ठेवा परत घडी घालून.

आत्या माझ्याकडे एकटक बघत होत्या. मग त्यांनी बोटं मोजली. "साबुदाना... दहीभात... चार पोळ्या... आनं आता दोन भाकऱ्या?"

"हो आत्या," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"आनं आता खीर खातेस?"

"खाते आत्या. संपवते. वाटी घासून पुसून देते, पण आबांना ओवाळा!"

आत्यांना जे हसू फुटलं ते थांबेचना. पदर तोंडाला लावून हसल्या, गुडघ्यावर थापा मारून हसल्या. "अगो बया! पोट हाय का भाताची कनगी? मला वाटायचं, मुंबईची हाय, दोन घास खाल्ले की हात धुनार. तू तर माझ्यासाटी मरायला निगालीस की गो!" आणि मग एकदम डोळे पुसत म्हणाल्या, "उठ आता. दादाला पाट मोकळा कर."

मी उठायला गेले. नाही उठता आलं! एका हाताने जमिनीचा आधार घेतला, दुसरा भिंतीला लावला, काही उपयोग नाही. हे पुढे आले तर आत्यांनी त्यांना बाजूला सारलं. त्यांनी माझा डावा हात धरला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलल्या. "बगतोस काय दादा? वढ तिकडून!"

आबांनी उजवा हात धरला. "एक, दोन, तीन... वढ हौसे!" दोघांनी मला विहिरीतून बादली काढावी तसं वर काढलं. दोघंही धापा टाकत, एकमेकांकडे बघून हसत होती आणि रडतही होती. मीही रडले. माझ्या रडण्यात निम्मा भाग साबुदाण्याचा होता.

मग ओवाळणं झालं. आबांनी लुगडं दिलं. आत्यांनी ते डोळ्यांना लावलं, आत गेल्या आणि काठोकाठ भरलेलं दुसरं ताट घेऊन आल्या. "दादा, बस. नऊ वरसांचं जेवायचंय तुला."

आबांचा चेहरा बघायला हवा होता! श्रीखंड, तळलेले मासे आणि पाच पुरणपोळ्या एकदम आठवलेल्या माणसाचा चेहरा होता तो. जीपमध्ये गुणगुणणाऱ्या आबांनी केविलवाण्या नजरेने माझ्याकडे बघितलं.

"जेवा आबा," मी भिंतीला टेकून म्हणाले. "सावकाश."

तीन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. त्यांनाही आम्हीच उठवलं.

त्या दिवसापासून दोन तालुक्यांत माझी कीर्ती झाली. शकूताईने सांगितलं, सून भारी निष्ठेची. मामींनी सांगितलं, पोट बिघडलेलं असतानाही तीनदा भात घेते. आत्यांनी तर म्हश्याच्या जत्रेत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. आजही मी त्या बाजूला कोणाच्या लग्नाला गेले की वाढपी माझ्यापुढे पातेलंच घेऊन उभा राहतो. आणि घरी मी पोळी मोजून दीड खाते हो!

पुढच्या भाऊबीजेला आत्याच प्रभादेवीला आल्या. वहीबिही नाही, सकाळची गाडी पकडून एका दिवसासाठी. मी पहाटे चारला उठून पुरणपोळ्या, बटाटेवडे, श्रीखंड, सुरमई, सगळं केलं. खिडकीतून त्यांना चार बोटं समुद्र दाखवला. त्यांनी मान वाकडी करून तो बघितला, पाटावर बसल्या आणि भरलेल्या ताटाकडे बघून गोड हसल्या.

"नको गो सुनंदा, मी आत्ताच खाऊन आले. फकस्त पानी दे."

माझ्या हातातलं तुपाचं भांडं तसंच राहिलं. आबा खो खो हसायला लागले. मी गुपचूप तांब्या भरून आणला. आत्यांनी तो उजेडात धरला, आत वाकून बघितला आणि विचारलं,

"उकाळलेलं हाय ना?"

रुसून बसायला मला वेळ नव्हता आणि नऊ वर्षांची तर सोयच नव्हती. मी निमूटपणे तांब्या परत घेतला आणि गॅसवर पातेलं ठेवलं. पाणी उकळून निवेपर्यंत आत्या चौथ्या पुरणपोळीवर होत्या, आणि माझ्यासाठी एकच उरली होती.